टायटल इन्शुरन्स काढला म्हणून जमिनीखालचं तेल आपलं होत नाही

“टेक्ससमध्ये घर घेतलं की जमिनीखालचं तेल आणि गॅसही आपलाच. टायटल इन्शुरन्स असतोच, त्यामुळे उद्या कुणी ड्रिलिंग केलं तरी कंपनी भरपाई देते.” डॅलस-ह्यूस्टनकडे घर शोधणाऱ्या आपल्या मंडळींना हे अगदी खात्रीनं सांगितलं जातं. (टायटल इन्शुरन्स म्हणजे घराच्या मालकीहक्कात पुढे दोष निघाला तर नुकसान भरून देणारा विमा.) पहिलं घर घेणारा त्यावर निर्धास्त होतो, म्हणून ते एकेक करून तपासायलाच हवं.

“खालचं सगळं आपलंच.” पुष्कळदा नसतं. टेक्ससमध्ये वरची जमीन आणि खालची खनिजं या दोन स्वतंत्र मालमत्ता होऊ शकतात. डीडमध्ये, म्हणजे खरेदीखतात, खनिजं राखून ठेवलेली नसतील, तर विकणाऱ्याकडे असलेली खनिजं घराबरोबर तुमच्याकडे येतात, इतकं खरं. पण त्याच्याकडे ती होती का? दोन-तीन पिढ्यांपूर्वी एखाद्या शेतकऱ्यानं रान विकताना खनिजांचा हक्क स्वतःकडे ठेवला असेल, तर त्या रानात प्लॉट पडून बंगले उभे राहिले तरी हक्क त्याच्या वारसांचाच. आपल्याकडून गेलेल्यांना हा प्रश्न सुचतच नाही, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार खनिजं राज्य सरकारकडे असतात. टेक्ससमध्ये मात्र ती बहुधा कुणातरी खासगी माणसाची किंवा कंपनीची असतात.

“आपण प्रॉपर्टी टॅक्स भरतो की!” तो घराचा आणि वरच्या जमिनीचा. उत्पादन देणाऱ्या खनिजांची आकारणी वेगळी होते.

“टायटल कंपनी सगळं तपासते.” इथेच खरी गफलत आहे. क्लोजिंगआधी, म्हणजे व्यवहार पुरा होण्याआधी, कंपनी ‘टायटल कमिटमेंट’ पाठवते: विमा कोणत्या अटींवर देणार ते सांगणारा कागद. त्यातलं शेड्यूल बी उघडा. पॉलिसीतून काय वगळलंय त्याची ती यादी. कोळसा, लिग्नाइट, तेल, वायू आणि इतर खनिजं, त्यांच्या लीज आणि त्यासोबतचे हक्क वगळल्याचा मजकूर तिथे बहुतेक वेळा सापडतो. म्हणजे खनिजं कुणाची याची हमी कंपनी देतच नाही. ते शोधायचं तर काउंटी क्लार्कच्या (जमिनीचे दस्त सांभाळणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याच्या) दप्तरातले जुने डीड उकरावे लागतात, आणि ते काम वेगळे पैसे देऊन करून घ्यावं लागतं. शिवाय बँकेनं घ्यायला लावलेली लोन पॉलिसी बँकेचं रक्षण करते. तुमच्यासाठी ओनर्स पॉलिसी लागते.

“ड्रिलिंग झालं तर भरपाई मिळते.” सरसकट नाही. टी-१९.२ नावाची पुरवणी पॉलिसीला जोडलेली असेल, तर खनिजं काढण्यासाठी वरची जमीन वापरल्यानं घराचं किंवा इतर बांधकामाचं नुकसान झाल्यास ती उपयोगी पडते. लॉन, झुडपं, झाडं त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. अंगणात जिवापाड वाढवलेला कढीपत्ताही त्या वगळलेल्यांतच आला. आणि या पुरवणीनं खनिजांची मालकी किंवा रॉयल्टी मिळत नाही.

म्हणून घाबरून घरच घेऊ नये, असं मात्र मी म्हणणार नाही. कायद्यानं खनिजमालकाचा हक्क वरचढ आहे आणि वाजवी गरजेपुरती वरची जमीन तो वापरू शकतो. पण आधीपासून चालू असलेल्या वापराचा त्याला विचार करावा लागतो, हे टेक्सस सुप्रीम कोर्टानं १९७१ मध्ये गेटी ऑइल विरुद्ध जोन्स खटल्यात सांगितलं. अनेक वसाहतींत खनिजमालकांनी वरची जमीन वापरण्याचा हक्क लेखी सोडलेला असतो. मग विहीर दूरच्या जागेवरून आडवी खोदली जाते. फक्त “महापालिका थांबवेल” या भरवशावर राहू नका. डॅलसजवळच्या डेंटन शहराच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथे फ्रॅकिंगवर (दाबानं पाणी सोडून खडक फोडून तेल-वायू काढण्यावर) बंदी आणली, आणि मे २०१५ मध्ये राज्यानं कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला.

कमिटमेंट हातात पडली की शेड्यूल बीमधल्या प्रत्येक खनिज-नोंदीच्या मूळ कागदाची प्रत मागा. वरच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचा दस्त आहे का, हे विचारा. टी-१९.२ मिळेल का, हेही लेखी विचारा. हे सगळं करारात हरकतीसाठी दिलेल्या मुदतीच्या आत करा. ती मुदत संपली की तीच नोंद तुम्ही मान्य केली असं धरलं जाऊ शकतं.