नेटजवळचं गवत हिरवंच्या हिरवं

दर जुलैत माझं डोकं फिरतं आणि दर जुलैत घरचे विचारतात, "मग बघतोस कशाला?" बघतो, कारण सवय जात नाही. विम्बल्डनच्या दुसऱ्या आठवड्यात कॅमेरा वरून सेंटर कोर्ट दाखवतो, तेव्हा तुम्हीही जरा नीट बघा. बेसलाइनपाशी, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपाशी, गवत पार उडालेलं, दोन्ही टोकांना मातीचे पट्टे. आणि नेटजवळ? पहिल्या दिवशी होतं तसंच हिरवंगार! तिकडे कुणी फिरकतच नाही हो. पूर्वी बेसलाइनपासून पुढे पायवाट पडायची, शेतातून विहिरीकडे जाते तशी. एडबर्ग, बेकर, नवरातिलोवा, सॅम्प्रस, तेव्हाचे सगळे मोठे खेळाडू सर्व्हिस टाकून त्याच वाटेने नेटकडे धावत सुटायचे आणि परत आलेला चेंडू टप्पा पडायच्या आधीच हवेत मारायचे, म्हणजे व्हॉली. हाच तो सर्व्ह अँड व्हॉलीचा खेळ.

आता काय, तर धपाधप गालिचे झोडपल्यासारखं मागून हाणत बसायचं. पंचवीस फटके, तिशी गाठली, शेवटी एकाचा चेंडू नेटमध्ये. टाळ्या. एखाद्याने चुकून सर्व्हिसमागे पुढे येऊन व्हॉली मारली की समालोचकांना असं भरतं येतं, जणू माळढोकच दिसला. आजचा अल्कराझ अधूनमधून येतो पुढे, सुंदर येतो, पण समोरच्याला चकवायला. तो त्याचा रोजचा खेळ नाही.

आणि वर आम्हालाच शहाणपण शिकवायचं, की तुमची ती सर्व्ह अँड व्हॉली कंटाळवाणी होती आणि खेळ काळानुसार बदलतो, बाबा. आपोआप बदलला काय? २००१च्या स्पर्धेसाठी विम्बल्डनवाल्यांनी गवतच बदललं. आधी ७० टक्के राय आणि ३० टक्के फेस्क्यू जातीचं गवत असायचं, ते शंभर टक्के राय केलं. का, तर जास्त टिकतं म्हणून. खालची मातीही घट्ट झाली, चेंडू सरपटायचा थांबला आणि छान कमरेएवढा उसळायला लागला. त्या वर्षीच्या फायनलला इव्हानिसेविच आणि राफ्टर, दोघेही जन्मजात नेटकडे धावणारे. पाचवा सेट ९-७. पुढच्याच वर्षी फायनलला ह्युइट आणि नालबांडियान, दोघेही बेसलाइनला खिळलेले. एका वर्षात असा काय काळ बदलतो?

सगळा दोष गवताचाही नाही म्हणा. रॅकेटला पॉलिएस्टरच्या तारा आल्या. १९९७ला ब्राझीलचा कुएर्टेन त्या घेऊन पॅरिसची फ्रेंच ओपन जिंकला आणि मग सगळ्यांनी धडाधड तारा बदलल्या. या तारांनी कितीही जोरात हाणा, टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या बाजूची फिरकी, असा बसतो की चेंडू नेटवरून जातो आणि लगेच पुढे आलेल्या माणसाच्या पायाशी बुडतो. तिथून व्हॉली काढायची म्हणजे चपलेखालून नाणं उचलल्यासारखं. इनडोअरचं वेगवान कार्पेट कोर्टही २००९पासून एटीपीने, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या संघटनेने, बंद केलं. म्हणजे सर्व्हिसवाल्याच्या बाजूचं होतं ते एकेक काढून घेतलं आणि मग म्हणे, बघा, कुणी पुढे येतच नाही!

खरा संताप पुढेच आहे. माझा पुतण्या तेरा वर्षांचा, तीन वर्षं टेनिसला जातोय. फीचा आकडा सांगत नाही, वहिनी वाचतील. एवढ्यात पोराला एकदाही धड व्हॉली शिकवलेली नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "आधी बेसलाइन पक्की होऊ दे, व्हॉलीचं पुढे बघू." पुढे कधी? पोरगं नेटपाशी जातं ते चेंडू गोळा करायला आणि शेवटी हात मिळवायला. सरांचंही गणित कळतं मला. बारा-तेराचं पोर बुटकं असतं, पुढे आलं की डोक्यावरून लॉब बसतो, सामना हरतं, रँकिंग घसरतं आणि आईबाप दुसरी अकादमी शोधतात. सॅम्प्रसने चौदाच्या आसपास दोन हातांचा बॅकहँड सोडून एका हाताचा धरला, ज्युनियरमध्ये मार खाल्ला आणि पुढे सात वेळा विम्बल्डन उचललं. आज कुठले पालक तेवढी वर्षं मार खाऊ देतील?

आपल्याकडे तरी हे हात होते. विजय अमृतराज १९७३ आणि १९८१ला विम्बल्डनच्या क्वार्टर फायनलला गेला तो सर्व्हिस आणि व्हॉलीच्या जिवावर. पेसचे नेटवरचे हात तर काय सांगावेत. १९९८ला न्यू हेवनमध्ये खुद्द सॅम्प्रसला दोन सरळ सेटमध्ये घरी पाठवलं होतं पठ्ठ्याने. पुतण्याला सांगितलं तर म्हणतो, "काका, ते डबल्सवाले ना?" डोंबल!

परवा त्याला बसवून १९९०ची विम्बल्डन फायनल दाखवली, एडबर्ग विरुद्ध बेकर. एडबर्गची सर्व्हिस काही तोफ नव्हती. फिरकी देऊन (किक सर्व्हिस) चेंडू उंच उसळवायचा, तो हवेत असेपर्यंत हा मांजरासारखा नेटवर हजर. समोरच्याने रिटर्न मारायच्या आधी क्षणभर थबकणं, मग झेप, आणि चेंडू कोपऱ्यात अलगद ठेवून देणं. पाचव्या सेटमध्ये १-३ने मागे, तरी पुढे येणं सोडलं नाही, ६-४ने जिंकला. पोरगं मोबाइल बाजूला ठेवून बघत होतं, देवाशपथ.

आणि हो, सॅम्प्रस-इव्हानिसेविचची १९९४ची फायनल कंटाळवाणी होती, मान्य आहे. दोन टायब्रेक आणि एक ६-०, रॅली, म्हणजे लागोपाठ फटक्यांची देवाणघेवाण, शोधावी लागत होती. तीस वर्षं तेच एक उदाहरण तोंडावर मारताय. आता दुसरं शोधा.