बारा जणी आणि एक संडास

परवा मावसबहिणीची लेक साताऱ्यात आमच्याकडे आली होती. पुण्यात एम.एस्सी. करते, पेठेत कॉट बेसिसवर राहते. दुपारी ताट वाढलं तर म्हणाली, "मला नको गं मावशी, साडेपाचची बस आहे." घड्याळात दीड वाजला होता. मी काय ते समजले. कॉलेजात असताना प्रवासाच्या दिवशी, वाटेत पोट बिघडेल या भीतीने, मीही अशीच उपाशी राहायचे.

आमच्या खोल्यांवर बारा जणी होतो आणि संडास एक. साडेसातला प्रॅक्टिकल. आत गेलं की दोन मिनिटांत दारावर थाप पडायची, "झालं का गं?" मग राहू दे, नंतर जाऊ, असं करत करत सवयच लागली. कॉलेजातल्या संडासाबद्दल न लिहिलेलंच बरं. पुढे चार दिवस काहीच व्हायचं नाही, आणि तोंडी परीक्षेच्या सकाळी चार वेळा पळावं लागायचं. एका डॉक्टरांनी आव म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी पुन्हा त्याच. आजीचं ओवा-हिंग चालूच होतं. शेवटी रक्त, शौच, सोनोग्राफी सगळं तपासून झालं आणि सगळं नॉर्मल निघालं. आई म्हणाली, "बघ, काही नाहीये तुला." त्या रात्री मी खूप रडले.

काही नव्हतं असं नाही. आयबीएस होतं, इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. या आजारात ते जाळं हळवं होतं, दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढ्या गॅसनेही कळ येते. म्हणून फोटोत काही दिसत नाही. निदान लक्षणांवरून होतं. 2016 च्या 'रोम 4' या पोटाच्या अशा आजारांसाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांप्रमाणे तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखायला हवं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध हवा: जाऊन आल्यावर कमी-जास्त होणं, किती वेळा होते ते बदलणं, घट्ट-पातळ होणं, यातल्या किमान दोन गोष्टी. त्रास सुरू होऊन सहा महिने तरी झालेले हवेत.

या पोरांना सगळे सांगतात, "टेन्शन घेऊ नकोस." मला याचा राग येतो. टेन्शन काय मागवून घेतं का कोणी? त्यापेक्षा दिवस कसा जातो ते विचारा. मी भाचीला विचारलं. सकाळी नुसता चहा, पहिलं जेवण एक वाजता मेसमध्ये, संध्याकाळी वडापाव, मग अभ्यासिकेत रात्री बारापर्यंत खुर्चीवर, झोप दोनला. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणून मॅगी. अगं, पोटात काही पडलं की मोठं आतडं हलतं, सकाळी तर जास्तच. नाश्ताच नाही आणि नंतर बसायला दहा मिनिटंही नाहीत, तर ते बिचारं करणार काय?

खाण्याचंही आहेच. कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध यांनी काहींना फार त्रास होतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने यावर लो फॉडमॅप आहार बसवलाय, म्हणजे नीट न पचता आतड्यात आंबून गॅस करणारे असे पदार्थ कमी करायचे. तो काही आठवडेच करायचा आणि नंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा, तोही आहारतज्ज्ञाला विचारून. मेसच्या भाजीतून कांदा-लसूण कसा काढणार? मी म्हटलं, जैन जेवण देणारी मेस शोध. ती हसली, पण मी खरंच सांगत होते. इसबगोल भरपूर पाण्यातून घे म्हटलं. मात्र शौचातून रक्त, वजन घटणं, ताप, रक्त कमी होणं किंवा रात्री झोपेतून उठवणारा त्रास असेल तर माझी पोस्ट वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

आणि एक. खोल्यांच्या जाहिरातीत वायफाय, सीसीटीव्ही, आरओचं पाणी सगळं असतं. किती मुलींमागे किती संडास, हे कोणी लिहीत नाही. लेकीला सोडायला आलेले वडील पंखा लावून बघतात, नळ सोडून बघतात, पण हा प्रश्न काही विचारत नाहीत. विचारायला लाज वाटते म्हणे.

शेवटी तिने दोन घास मऊ भात खाल्ला. स्टँडवर सोडायला गेले. बस कुठल्या फलाटावर लागते ते मी शोधत होते, आणि तिची नजर आधीच स्वच्छतागृहाच्या पाटीवर गेली होती.