पाच गुंठे भेंडी की एकरभर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

वीस गुंठ्यांतल्या भाजीपाल्याच्या वेळापत्रकावर मी जे लिहिलं, त्यावर तुमची लांबलचक आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी गोषवारा असा. घरच्या माणसांचे तास मोजायला लागलं तर कुठलंच पीक परवडत नाही, त्यामुळे हा हिशोब शेतकऱ्याला नाउमेद करतो. पाच गुंठे भेंडीत टेम्पोचं भाडंही सुटत नाही, करायची तर एकरभर करावी. पुणं एवढं जवळ असताना जो थेट ग्राहकाला विकत नाही तो आळशी. आणि दोन गाई बांधल्या की घरातली पैशाची चणचण मिटते. शेवटी जाता जाता तुम्ही सांगितलंत की घरात राबणारे दोघंच आहात आणि येत्या जूनला अर्धा एकर भेंडी करायचं ठरवलंय. 'एसीत बसून लिहिणारे' हा शेरा तुमच्याकडेच ठेवा. बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देतो.

आधी घरच्या तासांचं. घरच्या मजुरीला रोजाच्या दराने गुणून ती खर्चात टाका, असं मी म्हटलेलंच नाही. वहीत दोन रकाने करा म्हटलं होतं: एकात खिशातून गेलेला रोख पैसा, दुसऱ्यात घरच्यांचे तास. एकमेकांत मिसळायचे नाहीत. सरकारी कृषिमूल्य आयोगही हे वेगळंच मांडतो. ए-टू म्हणजे प्रत्यक्ष झालेला खर्च आणि ए-टू अधिक एफएल म्हणजे त्यात घरच्या श्रमाची धरलेली किंमत. तास मोजायचे ते तोटा फुगवून दाखवायला नाही, या पिकापेक्षा ते पीक बरं का हे ठरवायला.

आणि घरचा तास फुकट असतो हे मला मान्य नाही. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकांचे ३,७९८. म्हणजे घरातले तास आधीच बाहेर विकले जातायत. चाकण, रांजणगावला शिफ्टला जाणाऱ्या पोराला विचारा, तो तासाचा भाव पैशापर्यंत सांगेल.

आता भेंडी. इथे तुमचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून सगळा हिशोब मांडतो. आकडे समजुतीसाठी घेतलेत, तुमचे टाकून बघा.

एकरी ५ टन माल धरला तर पाच गुंठ्यांत ६२५ किलो. साधारण २५ तोडण्या, म्हणजे तोडणीला २५ किलो. सरावलेलं माणूस तासाला ५ किलोच्या आसपास तोडतं, तेव्हा पाच तासांचं काम, दोघांत अडीच. बियाणं, शेणखत-खतं, फवारणी, नांगरट आणि ठिबकचा वाटा मिळून ५,५०० रुपये. भाडं, हमाली, तोलाई वगैरे किलोला ४ रुपये, म्हणजे २,५००. एकूण रोख खर्च ८,०००. घरचे तास तोडणीचे १२५, निवड आणि भरणीचे २५, बाकी पेरणी-खुरपणी-फवारणीचे ४०, असे १९०.

एकरात हेच आठपट. खतं-औषधं घाऊक घेतल्याने थोडं वाचलं असं समजून ४२,००० लागवडीचे, २०,००० विक्रीचे. तोडणीला १,००० तास लागतात. त्यातले १२५ तास घरचे दोघं देतील. उरलेले ८७५ तास बाहेरच्या बायका, तासाला ५५ रुपये धरून साधारण ४८,०००. रोख खर्च १ लाख १० हजार.

भाव किलोला ३५ मिळाला तर पाच गुंठ्यांत १३,८७५ सुटतात आणि एकरात ६५,०००. तुम्ही म्हणता तसंच. एकरवाला पावणेपाच पट पुढे. पण भाव २० वर आला तर? पाच गुंठेवाल्याला तरीही ४,५०० मिळतात. तासाला २४ रुपये पडले, कमी पडले, पण घरात आले. एकरवाल्याला खिशातून १०,००० घालावे लागतात. रोख खर्च भरून निघायला एकरवाल्याला २२ रुपयांचा भाव हवा, पाच गुंठेवाल्याला १३ पुरतो.

सगळी गोम इथे आहे. बाहेरच्या हाताचा दर ठरलेला असतो, बाजाराचा भाव ठरलेला नसतो. घरचा हात भावाबरोबर खाली-वर होतो, बाहेरचा होत नाही. म्हणून घरचे दोघं जेवढं तोडू शकतात तेवढं क्षेत्र ही शेती. त्यापुढचं क्षेत्र हा धंदा, आणि त्याला भांडवल लागतं. धंदा करू नका असं नाही. पण ३०-४० हजारांचा फटका सोसण्याची ताकद असेल तर करा, गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज काढून नको.

यात अजून एक अडचण आहे. भाव पडला म्हणून भेंडीची तोडणी थांबवता येत नाही. बाहेरच्या माणसाची तोडणी किलोला ११ आणि विक्रीखर्च ४, म्हणजे १५ च्या खाली प्रत्येक किलो तोट्यात जातो. तरी तोडावी लागते, कारण फळं झाडावर जून झाली की झाड फुलं धरायचं कमी करतं आणि पुढचा भाव सुधारला तरी माल नसतो. मग मजुरी देऊन तोडायचं आणि बांधावर टाकायचं.

शिवाय बायका मिळायला हव्यात. एकराच्या एका तोडणीला २०० किलो, म्हणजे घरचे वजा करून ३५ तास, तेही दिवसाआड. ऊन चढायच्या आत भेंडी निघालेली बरी, म्हणून चार-पाच तासांत उरकायचं तर सात-आठ जणी लागतात. कांदालागण उक्ती निघाली की त्यांना तिकडे जास्त पैसे पडतात आणि तुमची तोडणी एक दिवस पुढे जाते. त्या एका दिवसात बोटाएवढी भेंडी वीतभर होते. शेंडा कट्‌कन मोडला नाही की आडत्याकडे ती वेगळी पडते आणि पट्टीवर, म्हणजे त्याच्या विक्रीच्या पावतीवर, निम्मा दर लागतो.

टेम्पोचं म्हणाल तर अख्खा टेम्पो लावायला सांगितलंय कुणी? हवेली, पुरंदर, दौंड भागात गावोगाव संध्याकाळी पिकअप फिरतात आणि डागावर, म्हणजे नगावर, भाडं घेतात. दोन क्रेट असले तरी नेतात. खरी अट वेळेची आहे, गाडी सहाला येणार असेल तर साडेपाचला माल बांधून तयार पाहिजे. आणि पुण्याचा गुलटेकडीचा भाजीबाजार शनिवारी बंद असतो, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी तोडलेला माल घरातच बसतो. तोडणीचं चक्र शनिवार, सोमवार, बुधवार असं बसवा. बुधवार ते शनिवार तीन दिवस पडतात, म्हणून गुरुवारी उशिरा एक हलकी तोडणी, फक्त मोठं झालेलं काढायचं. रविवारी आवक सर्वांत जास्त असते, पण गिऱ्हाईकही तेव्हाच जास्त.

थेट विक्रीबद्दल आळशीपणाचा आरोप मला पटला नाही. शहरातल्या गृहसोसायटीच्या दारात किंवा शेतकरी आठवडे बाजारात बसायचं तर जाणं-येणं, मांडणं, विकणं, आवरणं धरून सात तास जातात. ६० किलो माल नेला, किलोमागे २० रुपये जास्त मिळाले आणि पेट्रोलला २०० गेले, तर तासाला साधारण १४० पडतात. उत्तम. पण त्यातला १५ किलो परत आला तर? तो दुसऱ्या दिवशी शिळा म्हणून जातो आणि गणित कोसळतं. शिवाय शहरातलं गिऱ्हाईक एकट्या भेंडीसाठी पिशवी उघडत नाही, त्याला आठ-दहा प्रकार लागतात. शेजारच्या चार-पाच घरांनी भाज्या वाटून घेतल्या आणि बसायची पाळी लावली तर हे जमतं. एकट्या जोडप्याने करायचं म्हणजे त्या दिवशीची तोडणी कुणी करायची, हा प्रश्न उरतोच.

गाईंचं थोडक्यात. दुधाचा पैसा नियमित येतो, त्यासाठी गाय चांगलीच. पण दोन गाईंना धार, वैरण, शेण मिळून रोजचे चार तास जातात, वर्षाचे ३६५ दिवस, आणि ते पुढे ढकलता येत नाहीत. पहाटेची धार आणि भेंडीची तोडणी एकाच वेळी येते. हिरवा चारा गाईला रोज २०-२५ किलो, म्हणजे वीसातले सात-आठ गुंठे नेपिअर गवताखाली गेले. गाई बांधायच्याच असतील तर भेंडी नको, थांबणारी पिकं घ्या. कढीपत्त्याची कापणी आठ-दहा दिवस मागेपुढे झाली तर काही बिघडत नाही. गवती चहाही थांबतो. उन्हाळी काढणीचा कांदा चाळीत चार महिने बसतो. गवार, भेंडी, काकडी, मेथी मात्र थांबत नाहीत. घरातला एकजण शिफ्टला जात असेल तरीही हीच वाटणी लावा.

आता तुमच्या जूनच्या अर्ध्या एकराकडे येऊ. वीसच्या वीस गुंठे भेंडी लावलीत तर तोडणीला १०० किलो, २० तास. तुम्ही दोघं सकाळी तीन-तीन तास दिलेत तरी १४ तास उरतात, म्हणजे दिवसाआड तीन-चार बायका. त्यापेक्षा असं करा: सहा गुंठे जूनमध्ये, सहा गुंठे त्यानंतर ४० दिवसांनी आणि आठ गुंठे मेथीला. भेंडी पेरल्यापासून ४५-५० दिवसांनी तोडणीला येते, त्यामुळे दुसरा हप्ता चालू होताना पहिला उतरणीला लागलेला असतो आणि एका तोडणीचा माल ३० किलोच्या फार पुढे जात नाही.

सहा गुंठ्यांचा आकडा उगाच नाही. पाच फुटी बेडवर सहा गुंठ्यांत बेडची लांबी ४०० मीटरच्या आत बसते आणि मल्चिंग पेपरचं (बेडवर अंथरायच्या प्लास्टिकचं) बंडल ४०० मीटरचंच येतं. एक बंडल, तेवढीच सोळा एमएमची लॅटरल (ठिबकची नळी), ४० सेंटीमीटरवर ड्रिपर. ताशी चार लिटरचे ड्रिपर घेतले तर तासाला चार हजार लिटर पाणी लागेल, मोटर तेवढं देते का ते आधी बघा. पेपर अंथरायच्या आधी लॅटरलची टोकं उघडून पाणी सोडा आणि प्रत्येक ड्रिपर ठिबकतोय ना हे चालत जाऊन पाहा. पेपरखाली बुजलेला ड्रिपर झाड सुकल्यावरच कळतो. कडा मातीने नीट दाबा. पेपर सैल राहिला तर वाऱ्याने सरकतो, भोक रोपावरून हटतं आणि कोवळा कोंब गरम पेपरखाली भाजतो. हे नीट झालं तर दोन-तीन खुरपण्या वाचतात, आणि त्या नेमक्या पावसाळ्यात वाचतात, जेव्हा गावात बाई मिळत नाही.

मेथीचे आठ गुंठे एकदम पेरू नका. दर आठवड्याला दोन गुंठे, चार आठवड्यांत चार तुकडे. मेथी चार आठवड्यांत तयार होते, तोवर पहिला तुकडा पुन्हा पेरणीला मोकळा. दोन गुंठ्यांत चारशे-पाचशे जुड्या निघतात. उपटून, माती झटकून, जुडी बांधायला दोघांना एक लांब संध्याकाळ लागते. तयार मेथी चार-पाच दिवसच उभी राहते, नंतर काडी निबर होते. आठ गुंठे एकदम आली तर दोन हजार जुड्या बांधणार कोण? आणि शेकडा जुड्यांचा भाव एखाद्या आठवड्यात निम्मा होतो, तो फटका एकाच तुकड्याला बसावा, चारही तुकड्यांना नको. पावसात सपाट वाफ्यात मेथी पिवळी पडून सडते, गादीवाफेच करा. मेथीला पेपर नको, ठिबकही नको. पाऊस उघडला की रेनपाइप (पाणी फवारणारी भोकांची नळी) पुरतो.

खरेदीत आधी बॅटरीचा फवारणी पंप घ्या, पॉवर टिलर भाड्याने आणा. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. धुतलेल्या पंपात राहिलेल्या थेंबांनीही भेंडीची पानं आखडतात, आणि मग तो रोग समजून आणखी दोन फवारण्या वाया जातात.

दुसरा हप्ता लावताना जागा मात्र विचार करून निवडा. केवडा, म्हणजे पानं पिवळी पाडणारा विषाणूचा रोग, पांढऱ्या माशीतून पसरतो आणि जुन्या प्लॉटवरची माशी वाऱ्याबरोबर नव्यावर उतरते. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा नवीन भेंडी जुनीच्या पश्चिमेला घ्या. मध्ये मेथीचे तुकडे येऊ द्या आणि कडेने मक्याच्या दोन ओळी भेंडीच्या आधी पंधरा-वीस दिवस टोकून ठेवा. केवडा आलेलं झाड दिसलं की लगेच उपटून प्लॉटबाहेर पुरा, आणि पहिल्या हप्त्याचा माल तोडणीला दहा किलोच्या खाली आला की ती झाडं मोह न धरता काढून टाका.