मत द्यायला प्राप्तिकराची पावती?

"देश ही कंपनी आहे, जो प्राप्तिकर भरतो तो तिचा भागधारक, आणि मत भागधारकालाच हवे. फुकट्यांच्या मतांनी देश बुडतो आहे." अशा अर्थाचा मजकूर बरीच वर्षे फिरतो आहे. परवा तो माझ्या सख्ख्या मामांनी "विचार करण्यासारखे" अशी पुस्ती जोडून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मामांचे निवृत्तिवेतन वर्षाला नऊ लाखांच्या आसपास आहे. 2025च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर शून्यावर आणला, तेव्हा पेढे वाटायचेच काय ते त्यांनी बाकी ठेवले होते. आता त्यांच्याच न्यायाने त्यांचे मत गेले. म्हणजे मतदार कोण, हे दर 1 फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांनी ठरवायचे, आणि ज्या सरकारला मध्यमवर्गाचा राग नडेल त्याने करमर्यादा थोडी वर सरकवून लाखो नावे यादीतून उडवायची; तीही करसवलत दिल्याचे श्रेय घेत! ज्याने हे लिहिले त्याने इतकाही विचार केलेला नाही.

"फुकटे" या शब्दाबद्दल थोडेच. मामांकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी 299 रुपयांचे मोबाइल रिचार्ज करतात, त्यात अठरा टक्के जीएसटीपोटी सुमारे साडेपंचेचाळीस रुपये सरकारकडे जातात. अब्जाधीशालाही तेवढ्याच रिचार्जवर तेवढाच कर बसतो.

कंपनीची उपमा महाराष्ट्रातल्या माणसाने तरी देऊ नये. आपल्या सहकार कायद्यानुसार साखर कारखान्याच्या सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. त्या कारखान्यांचे पुढे काय झाले हा वेगळा विषय. पण चोख धंदा करायला निघालेल्या संस्थेलाही पैशाच्या मापाने मते मोजणे मान्य नव्हते. शिवाय तोट्यातल्या कंपनीचा भाग विकून मोकळे होता येते. धरणात गाव गेलेल्या माणसाने आपला भाग कोणाला विकायचा?

प्राप्तिकर प्रत्यक्ष भरणारे थोडे आहेत, हे खरे. शेतीच्या उत्पन्नाआड मोठी रक्कम दडवणारे आहेत आणि निवडणुकीच्या तोंडावर खिरापत वाटली जाते, हेही नाइलाजाने मान्य करतो. पण मग भांडण करचुकव्यांशी आणि वाटणाऱ्यांशी हवे. पैसेवाल्यांचा आवाज दबला आहे, हे मात्र कोणी सांगू नये. कंपन्यांनी पक्षांना किती देणगी द्यावी यावरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा उठवली गेली होती आणि निवडणूक रोख्यांमुळे देणाऱ्याचे नावही मतदाराला कळत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी या दोन्ही गोष्टी घटनाबाह्य ठरवल्या.

आणि ही कल्पना नवीही नाही. ब्रिटिशांच्या 1935च्या भारत सरकार कायद्यात मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहूनच मत मिळत असे, त्यामुळे प्रांतांतली जेमतेम चौदा टक्के लोकसंख्या मतदार होती. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्येच सायमन आयोगापुढे सरसकट प्रौढ मताधिकार मागितला होता. तो पुढे राज्यघटनेच्या कलम 326 मध्ये आला आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीत सतरा कोटींहून अधिक नावे लागली. त्यांत माझी आजी, म्हणजे मामांची आई, होती. तिला सही येत नव्हती आणि तिच्या नावावर गुंठाभर जमीनही नव्हती.