‘कैदी खटले घालून लाखो उकळतात’ म्हणे!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “कैद्यांना जेवण फुकट, दवाखाना फुकट, वर डॉक्टरच्या हलगर्जीपणाचे खटले घालून लाखो उकळतात. अशाने डॉक्टर तुरुंगात काम करायला जाणार नाहीत. गुन्हा केला तेव्हाच हक्क संपला.” यातलं एकेक विधान तपासू.

हक्क संपला, हे आधी घेतो. सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सांगितलं की तुरुंगात गेल्याने माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत. आणि गुन्हा केला हे कुणी ठरवलं? २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांत तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे निकाल अजून लागायचाच. सीमालढ्यातली आपली माणसंही हिंडलग्याच्या तुरुंगात राहिलीत. दर १ जूनला तिथल्या हुतात्मा स्मारकाला जाणाऱ्यांनी तरी हा मेसेज पुढे ढकलू नये.

आता फुकट दवाखाना. रात्री छातीत दुखलं तर आपण शेजाऱ्याला उठवतो, गाडी काढतो. एका डॉक्टरचं पटलं नाही तर दुसऱ्याकडे जातो. बराकीतल्या माणसाने आधी पहारेकऱ्याला हाक मारायची. त्याने वर कळवायचं, तुरुंगाच्या डॉक्टरने तपासायचं, बाहेर न्यायचं ठरलं तर पोलीस बंदोबस्त मिळायला हवा, मग फाटक उघडणार. यातल्या एकाही पायरीवर रोग्याचं काही चालत नाही. खानापूरच्या खेड्यातली आई तुरुंगातल्या मुलाला भेटायला येताना त्याची डॉक्टरची जुनी चिठ्ठी आणि शुगरच्या गोळ्या पिशवीत घालून आणते, पण गोळी त्याच्या हातात थेट देता येत नाही. किल्ली सरकारकडे आहे, म्हणून जबाबदारीही सरकारचीच. माझ्या मते सगळा वाद इथेच मिटतो.

लाखो उकळणं? उपचार मोफत असल्यामुळेच ग्राहक न्यायालयाचा सोपा रस्ता कैद्याला बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानुसार, जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ती सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. उरतो दिवाणी दावा, त्यालाही सरकारला साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नाहीतर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट, म्हणजे मूलभूत हक्क मोडल्याचा थेट अर्ज. नीलबती बेहरा खटल्यात, मुलगा पोलीस कोठडीत मेल्यावर, १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या आईला दीड लाख द्यायला लावले. ते सरकारने द्यायचे होते. पोटचा पोर गमावलेल्या बाईला ‘उकळलं’ म्हणायला जीभ कशी वळते?

डॉक्टर घाबरतील, हेही खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालाने २००५ पासून डॉक्टरवर फौजदारी कारवाईआधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत घ्यायला सांगितलंय. निदान चुकलं एवढ्यावरून कुणी आत जात नाही.

ज्यांचं माणूस आज आत आहे त्यांच्यासाठी: कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. आजाराची तक्रार लेखी द्या, पोच घ्या. आणि आत मृत्यू झालाच तर दंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. तिला हजर राहायचा नातेवाइकांना अधिकार आहे. कागद बहुधा कानडीत असतात, तेव्हा वाचता येणारं कुणीतरी बरोबर न्या आणि समजल्याशिवाय सही करू नका.