१४०० वर्षांचं भांडण नाहीये ते, काका

परवा सकाळी फॅमिली ग्रुपवर इराकबद्दलचा एक लांबलचक फॉरवर्ड आला, आणि तो पाठवणारे होते आमचे धाकटे काका. दुसऱ्या कोणी पाठवला असता तर मी बघून सोडून दिला असता. पण काका १९८१ ते ८५ बगदादला होते, एका बांधकाम कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून, आणि लहानपणी आम्ही त्यांच्याकडूनच तिथल्या इस्तिकानमधल्या (छोट्या काचेच्या पेल्यातल्या) काळ्या चहाच्या आणि गरम सामूनच्या (तिथल्या पावाच्या) गोष्टी ऐकत मोठे झालो. त्या माणसाने हे पुढे ढकलावं याचा मला राग आला, म्हणून लिहितोय.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: शिया आणि सुन्नी १४०० वर्षं एकमेकांचे गळे कापतायत आणि अजून १४०० वर्षं कापणार. इंग्रजांनी तिथे ४० वर्षं शांतता ठेवली होती. नंतर अमेरिकेने जाऊन भांडण आटोक्यात आणलं, पण घाईने बाहेर पडली आणि लगेच आयसिस आलं. म्हणून परकी फौज एकदा गेली की जर्मनी-जपानसारखी निदान ५० वर्षं तिथे राहिलीच पाहिजे. शेवटी '१० जणांना पाठवा'.

१४०० वर्षांवाला मुद्दाच सगळ्यात जास्त पसरतो आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो, त्यामुळे आधी तो. पैगंबरांनंतर नेतृत्व कोणाकडे हा वाद ६३२ पासूनचा आहे, करबलाची लढाई ६८० ची, हे खरंच आहे, कोणी नाकारत नाही. पण वाद जुना असणं आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला नाव विचारून मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इराकमध्ये शम्मर, जुबूर अशा मोठमोठ्या टोळ्या आहेत ज्यांच्यात शियाही आहेत आणि सुन्नीही, म्हणजे एकाच आडनावाची माणसं दोन्हीकडे. बगदादमध्ये मिश्र लग्नं ही अगदी नेहमीची गोष्ट होती. १९८० ते ८८ च्या युद्धात शियाबहुल इराणविरुद्ध लढणाऱ्या इराकी पायदळात मोठी संख्या शियांचीच होती, आणि काका तर तेव्हा तिथेच होते, ब्लॅकआऊटमध्ये बसलेले.

फोन करून त्यांना विचारलं, काका, तुमच्या साइटवर शिया कोण आणि सुन्नी कोण होतं? म्हणाले, "अरे कोणाला माहीत, आम्ही कधी विचारलंच नाही, ते आम्हाला सदीक म्हणायचे आम्ही त्यांना सदीक, म्हणजे मित्र." मग म्हटलं काका, चार वर्षं राहून जे तुम्हाला दिसलं नाही ते १४०० वर्षं अखंड चालू होतं असं तुम्ही चार ग्रुपवर कसं काय पाठवता?

बगदादमध्ये तिग्रिस नदीवर एक पूल आहे, अल-अइम्मा, इमामांचा पूल. एका टोकाला सुन्नींचं अधमिया, तिथे इमाम अबू हनीफांची मशीद, दुसऱ्या टोकाला शियांचं काझिमिया, सोन्याच्या घुमटांचा दर्गा. काका सुट्टीच्या दिवशी या पुलावरून चालत गेलेत. ३१ ऑगस्ट २००५ ला काझिमियाला यात्रा होती, पूल माणसांनी भरलेला, आणि कोणीतरी ओरडलं की गर्दीत बॉम्बवाला आहे. बॉम्ब नव्हता. चेंगराचेंगरीत आणि पाण्यात पडून जवळपास हजार माणसं गेली, त्यात बायका आणि लहान मुलं खूप. तेव्हा अधमियाच्या काठावरून सुन्नी पोरांनी नदीत उड्या टाकल्या आणि शिया यात्रेकरूंना एकेक करून बाहेर काढलं. त्यातला एक तरुण अनेकांना काठावर आणता आणता इतका थकला की शेवटी स्वतःच बुडाला. हे २००५ मध्ये, म्हणजे भांडण पेटायला लागल्यावर. १४०० वर्षांच्या वैऱ्यासाठी कोणी असा जीव देत नाही.

आणि त्याच अधमियाभोवती एप्रिल २००७ मध्ये अमेरिकन फौजेने १२ फूट उंच काँक्रीटची भिंत घालायला घेतली, साधारण ५ किलोमीटर लांब. पुलावरची उडी ते काँक्रीटची भिंत, मध्ये दोन वर्षंसुद्धा नाहीत. त्या दोन वर्षांत काय झालं आणि त्याच्या आधी २००३ मध्ये काय झालं हे विचारायचं, की ६३२ कडे बोट दाखवून मोकळं व्हायचं?

२००३ मध्ये काय झालं ते तारखेसकट सगळ्यांना माहीत आहे. ९ एप्रिलला अमेरिकेच्या फौजेसमोर बगदाद पडलं. १६ मे ला अमेरिकेने नेमलेला कारभारी पॉल ब्रेमरचा पहिला आदेश, सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातली माणसं सरकारी नोकरीतून बाहेर, त्यात शाळेचे मास्तर पण गेले. २३ मे ला दुसरा आदेश, अख्खं सैन्य बरखास्त. लाखो माणसं, हातात बंदूक चालवायचं शिक्षण, घरात पगार नाही. जुलैमध्ये २५ जणांचं गव्हर्निंग कौन्सिल नेमलं ते कसं, तर १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमेन, १ ख्रिश्चन, अशी मोजून वाटणी. सत्तेत जायचं तर पंथाच्याच दारातून जायचं हे तिथे ठरलं. पुढे २२ फेब्रुवारी २००६ ला समाराच्या शिया दर्ग्याचा सोन्याचा घुमट उडवला, जो दर्गा सुन्नी गावात पिढ्यान् पिढ्या सुखरूप उभा होता, आणि मग बगदादमध्ये चेकपोस्टवर ओळखपत्र बघून माणसं मारायला लागले. उमर हे सुन्नी नाव, म्हणून उमर नावाच्या पोरांनी नकली कार्डं करून घेतली.

एवढ्यावर पटत नसेल तर इराक बॉडी काउंटचे आकडे बघा. ते बातम्या आणि हॉस्पिटलच्या नोंदींवरून मेलेल्या सामान्य नागरिकांची मोजणी करतात, म्हणजे कमीत कमी आकडा, खरा जास्तच असणार. २००६ ला २९ हजारांवर. २००९ ला साधारण ५ हजार. २०१४ ला परत २० हजार. २०१८ ला साडेतीन हजारांच्या आत आणि २०२१ ला हजाराच्याही आत. १४०० वर्षांचं वैर असं दर तीन-पाच वर्षांनी चार ते सहापट वरखाली होतं का? माणसं तीच, पंथ तेच, मशिदी त्याच. बदलले ते निर्णय, पगार कोणाला मिळतोय आणि बंदूक कोणाच्या हातात आहे ते.

इंग्रजांची ४० वर्षं शांतता, हे कुठून आलं देव जाणे. इंग्रज १९१४ मध्ये बसऱ्याला उतरले ते सहावी पूना डिव्हिजन घेऊन. आपली मराठा पलटणीची माणसं त्यात होती, तुर्कांनी घातलेल्या कूट शहराच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ उपाशी राहिली, शेवटी घोडे कापून खायची पाळी आली आणि शरण गेल्यावर कित्येक जण कैदेत मेले. १९१७ ला बगदाद घेतल्यावर इंग्रज जनरल मॉडने जाहीरनामा काढला की आम्ही जिंकायला नाही, मुक्त करायला आलोय. तीन वर्षांत, १९२० ला, देश पेटला, आणि त्या उठावाच्या आधी बगदादमध्ये शिया-सुन्नी एकमेकांच्या मशिदीत एकत्र जमत होते. तो उठाव मोडायला विमानं वापरली आणि हिंदुस्थानातूनच फौज नेली. १९३२ ला स्वातंत्र्य दिलं, १९४१ ला परत घुसले, १९५८ ला त्यांनी बसवलेल्या राजाच्या घराण्याला इराकी सैन्यानेच गोळ्या घातल्या. याला शांतता म्हणायचं असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आता जे अर्धं खरं आहे ते मान्य करतो, मनाविरुद्ध. एक, २००३ च्या आधी सगळं छान होतं असं अजिबात नाही, सद्दामने १९९१ मध्ये दक्षिणेतल्या शियांचा उठाव रक्तात बुडवला आणि सत्तेच्या वरच्या खुर्च्या त्याच्याच माणसांकडे होत्या. दोन, २००७ मध्ये जास्तीची फौज आल्यावर हिंसा घटली हेही खरं. पण त्याच वेळी सुन्नी टोळ्यांचे जवळपास एक लाख लोक महिना ३०० डॉलरवर अल कायदाविरुद्ध उभे राहिले, शिया सशस्त्र गटाचा नेता मुक्तदा सद्रने युद्धबंदी केली, आणि बऱ्याच मिश्र वस्त्या तोवर रिकाम्या होऊन एकपंथी झालेल्या होत्या, ते श्रेय एकट्या फौजेला कसं द्यायचं. तीन, १८ डिसेंबर २०११ ला शेवटचा ताफा कुवेतमध्ये गेला आणि जून २०१४ ला मोसूल पडलं, हाही क्रम खरा आहे.

पण जायची तारीख २००८ च्या करारात बुशनेच सही करून दिली होती, ती काही घाई नव्हे. फौज गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी शिया पंतप्रधान मालिकींच्या सरकारने सुन्नी उपराष्ट्रपती हाशिमींच्या अटकेचं वॉरंट काढलं, त्या लाखभर टोळीवाल्यांपैकी बहुतेकांना कबूल केलेल्या नोकऱ्या दिल्या नाहीत. आणि आयसिसचं मूळ, म्हणजे अल कायदाची इराक शाखा, २००४ ला बनली, फौज तिथे असतानाच. आयसिसचा पुढचा म्होरक्या बगदादी त्याच वर्षी अमेरिकेच्या कॅम्प बुक्का तुरुंगात कैदेत होता, आणि त्याच्या वरच्या फळीत बरखास्त झालेल्या सैन्यातले अधिकारी होते. मे २००३ मधलं कर्ज होतं ते.

किती वर्षं लागतील हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांचं पण बघा. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड फेब्रुवारी २००३ मध्ये म्हणाले, युद्धाला ६ दिवस लागतील, ६ आठवडे लागतील, ६ महिने लागतील असं वाटत नाही. जून २००५ मध्ये तेच म्हणाले बंडखोरी ५, ६, ८, १०, १२ वर्षंसुद्धा चालू शकते. दोन वर्षांत ६ महिन्यांचे १२ वर्षं झाले. जो स्वतः निर्णय घेतोय त्याला अंदाज नाही आणि आमच्या ग्रुपवर १४०० चा आकडा पक्का.

जर्मनी-जपानबद्दल एवढंच, जपानचा ताबा १९५२ ला संपला आणि पश्चिम जर्मनीचा १९५५ ला, त्यानंतरचे तळ करारावर होते, आणि तिथे ताबा असताना कोणी रस्त्यात बॉम्ब पेरत नव्हतं. जपानमध्ये तर सरकार आणि पोलीस जागेवर ठेवूनच कारभार चालवला. इराकमध्ये नेमकं तेच मोडलं.

काकांना हे सगळं पाठवलंय. त्यांनी तो फॉरवर्ड चार ग्रुपवर टाकला होता, त्या चारही ग्रुपवर हेही टाका असं त्यांना सांगितलंय, आणि त्याच्याखाली त्या साइटवरच्या सदीक लोकांबद्दल दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा म्हणून.