जळल्यावर कोटी, गळताना दमडी नाही

कोल्हापुरात जुन्या इमारतींवर प्रेम करण्यात कुणी मागं नसतं. फक्त ते प्रेम इमारत पडल्यावर नाहीतर जळल्यावर बाहेर येतं. त्याआधी तिच्या भिंतीत पिंपळ उगवून हाताएवढा जाड झालेला असतो, तो काढायला कुणाला सवड नसते.

केशवराव भोसले नाट्यगृह बघा. शाहू महाराजांनी १९१३ साली काम काढलं, १९१५ ला ते उभं राहिलं, तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या गायक-नट केशवरावांची जयंती. रंगमंच गेला, छप्पर गेलं, खुर्च्या गेल्या, उरल्या दगडी भिंती. नाटकवाली माणसं रस्त्यावर उभी राहून लहान पोरागत रडत होती आणि ते रडणं खरं होतं, त्याची चेष्टा मी करणार नाही. लगेच घोषणा झाल्या, जसंच्या तसं उभारू म्हणून. चांगलंच आहे की. पण काही वर्षांपूर्वीच तिथं कोट्यवधी खर्चून नूतनीकरण झालं होतं ना? मग रोजचं वायरिंग बघणारा माणूस कोण, त्याला वर्षाला किती पैसे मंजूर, फायर ऑडिट कधी झालं आणि त्यात काय लिहिलं, हे आगीच्या आधी किती जणांनी विचारलं? मी तर नाही ऐकलं कुणाला विचारताना. रिबीन कापायला रंग मारलेली भिंत लागते, वायर बदलून कुणाचा फोटो येत नाही.

सीपीआर या सरकारी दवाखान्याची जुनी इमारत मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदाच्या डिझाइनची, १८८० च्या दशकातली, आजही तिथं पेशंट झोपतात. त्याच मँटचा टाउन हॉल, त्यात आता म्युझियम, ब्रह्मपुरीच्या खोदाईत सापडलेला तो समुद्रदेवाचा छोटा ब्राँझचा पुतळा तिथंच आहे (कोल्हापूरचा असून बघितला नसेल तर आधी जाऊन या, पोस्ट नंतर वाचा). या इमारती टिकल्या कारण त्यांना रोज कुणीतरी कुलूप उघडतं, गळलं की ओरडतं. याउलट शाहू मिल. १९०६ ची, महाराजांनीच काढलेली, २००३ ला बंद. तेव्हापासून स्मारकाच्या घोषणा ऐकतोय.

पण या झाल्या मोठ्या, सरकारी इमारती. मला खरं बोलायचंय ते पेठेतल्या साध्या घरांबद्दल. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, गंगावेश, महाद्वारच्या मागच्या बोळातली ती दगडी जोत्याची, पुढं सोपा (म्हणजे ओसरी) आणि मागं परडं असलेली कौलारू घरं. त्यांना हेरिटेज कोण म्हणणार? एकेक करून जातात, पेपरात दोन ओळीही येत नाहीत. आणि ती आपोआप पडतात असं नाही, आपणच पाडतो, तेही दुरुस्तीच्या नावाखाली. मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा असतो, भिंत ओल घेते आणि सोडते. आपण काय करतो, टिकावं म्हणून वर सिमेंट थोपतो. मग ओल आतच कोंडते, भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक कुजतं, वाळवी लागते, आणि एका पावसाळ्यात तुळई खाली येते. मग सगळे म्हणतात, जुनं बांधकाम होतं हो, किती दिवस टिकणार. अरे शंभर वर्षं टिकलं होतं की, सिमेंट लावेपर्यंत!

मालकाला शिव्या घालणंही मला पटत नाही. सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्डावर पंधरा नावं, त्यातली चार पुण्यात, एक अमेरिकेत, कौलं फेरायचे पैसे कुणी काढायचे यावर भांडण. खाली दुकानात जुना भाडेकरू, भाडं चहाच्या बिलाएवढं, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ते वर्षाला चारच टक्के वाढतं. त्या भाड्यात एक सागवानी वासा येत नाही. अशा वेळी बिल्डर येतो, प्रत्येक भावाला फ्लॅट देतो म्हणतो, तर तो मालक काय वारशाच्या नावानं नाही म्हणणार? हेरिटेज यादीतल्या इमारतीला टीडीआर, म्हणजे दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, द्यायची सोय नियमात आहे म्हणे, पण पेठेतल्या म्हातारीनं तो टीडीआर घेऊन कुठं विकत फिरायचं?

मला वाटतं महापालिकेनं हेरिटेज यादी वाढवायच्या आधी एक साधी गोष्ट करावी. जो जुनं घर जुन्या पद्धतीनं दुरुस्त करेल त्याचा घरफाळा माफ, आणि चुन्याचं काम येणाऱ्या चार मिस्त्र्यांना हाताखाली पोरं देऊन स्टायपेंड. एका चौकाच्या सुशोभीकरणात जेवढे पैसे जातात त्यात किती कौलं बदलून होतील याचा हिशेब कुणी इंजिनिअर मित्रानं खाली मांडला तर बरं होईल.

आणि 'मग तुम्हीच राहा त्या पडक्या घरात' अशी कमेंट करणार असाल तर, राहतोय. उन्हाळ्यात पंखा लावावा लागत नाही, पावसाळ्यात दोन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात, खोटं कशाला बोलू. कौलं फेरणारा मिस्त्री इथं मिळेना म्हणून शेवटी आजऱ्याकडून आणला, माणूस चांगला आहे पण मे महिना लागला की सापडत नाही. कुणाला पाहिजे असेल तर इनबॉक्सला या.